मोटारीची ओटी

दोन हजार तेवीस साल. पावसाने त्या वर्षी जालना जिल्ह्यात चांगलाच हात आखडता घेतला होता, तरी कुंभार पिंपळगावच्या काळ्या रानात दिवाळीनंतर कापूस फुटला. ऐन वेचणीच्या दिवसांत, एका रविवारी, गावातली माणसं वेचणी टाकून दोन टेम्पो भरून जालन्याला आली. एका मोटारीला भेटायला आली होती. भेट झाली नाही. परत जाताना टेम्पोतली माणसं एकमेकांची थट्टा करत गेली म्हणतात. मान खाली गेली ती सत्यशीलाबाईंची, आणि त्या तर टेम्पोत नव्हत्याच. त्या आत होत्या.

सत्यशीलाबाई म्हणजे पिंपळगावच्या अप्पाराव पाटलांची सून. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात त्या लग्न होऊन परतूरहून आल्या, त्या याच मोटारीत बसून. अप्पारावांनी ती मॉरिस हैद्राबादेहून आणली होती. रंग काळा, पण धुळीने कायम करडा. गावात तिला नाव नव्हतं, कारण दुसरी नव्हतीच; मोटार म्हटलं की तीच. अप्पाराव माळकरी माणूस. हौसेने मोटार घेतली खरी, पण एकट्याने तीत बसून फिरायची त्यांना लाज वाटू लागली. मग त्यांनी एक रिवाज घालून दिला. गावातली कुठलीही लेक, कुणाच्याही घरची असो, सासरी निघाली की शिवेपर्यंत मोटारीतून जायची. शिवेवर सासरची बैलगाडी उभी असे. लेक तिथे उतरायची, मोटारीच्या दाराला कुंकवाचं बोट लावायची आणि गाडीत चढायची. मागच्या दाराच्या कडेला असे थरावर थर बसून ती जागा लाखेसारखी टणक झाली होती. मोटार धुताना कुणी ती घासत नसे.

दुसरा रिवाज कुणी घातला नाही, तो आपोआप पडला. अडलेली बाई दवाखान्यात न्यायची असली की माणसं पाटलांच्या दाराशी येत, आणि सत्यशीलाबाईंचे यजमान बद्रीनाथ असतील तसे उठून चाक हातात घेत.

झुंबरबाई ही त्यांच्या बांधाला बांध असलेल्या घरची सून. ती आणि सत्यशीलाबाई एकाच उन्हाळ्यात गावात आल्या, एकाच आडावर पाणी शेंदायला शिकल्या. झुंबरबाई त्यांना वैनी म्हणे, आणि पाटलीणबाई असल्या तरी अगंतुगंच करी. तिच्या दुसऱ्या खेपेला, भादव्यात, ती अडली. बद्रीनाथांनी मोटार काढली. मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन सत्यशीलाबाई बसल्या. अंबडच्या अलीकडे ओढ्याला पाणी आलं होतं, आणि ओढा उतरायची वाट बघता बघता झुंबरबाई मोटारीतच बाळंत झाली. सत्यशीलाबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं. त्या एकच बोलत राहिल्या, "मी आहे, झुंबर. मी इथंच आहे." झालेल्या मुलीचं नाव बेबीनंदा ठेवलं, पण गाव तिला मोटारबाईच म्हणे. लग्न होऊन घनसावंगीला गेली तरी पिंपळगावात ती मोटारबाईच राहिली.

पुढे मोटार थकली. सुटे भाग मिळेनात, गावात जीपा आल्या. गोठ्याशेजारच्या खोलीत तिला उभी केली आणि खोलीला मोटारखोली हे नाव पडलं. बद्रीनाथ गेले. मुलगा कल्याण याने जालन्यात बियाण्यांचा व्यापार मांडला, तो चालला, आणि सत्यशीलाबाईही जालन्याला आल्या. शेत बटईने दिलं, घराची किल्ली झुंबरबाईकडे. दर दसऱ्याला मात्र गावातल्या बाया मोटारखोली उघडून मोटार धुवायच्या, झेंडूची माळ घालायच्या, आणि त्यातल्या ज्या त्या दाराने सासरी गेलेल्या आणि सणाला माहेरी आलेल्या असत त्या पुन्हा एकदा बोट लावायच्या.

आणखी एक सांगायला हवं. तिकडे लग्नाची पत्रिका छापून आली की पहिली मारुतीला. मारुतीपुढे ठेवली की ती गावाला पोचली. संध्याकाळच्या आरतीनंतर माऊली गुरव भोंग्यावरून सांगतो, अमक्याच्या घरचं कार्य, अमक्या दिवशी, समद्यांनी यायचं. मग गावातल्या कुणाला वेगळी पत्रिका नसते. नाव घालून पत्रिका जाते ती बाहेरच्या पाहुण्यांना. सत्यशीलाबाईंना जालन्यात येऊन इतकी वर्षं झाली, पण पिंपळगावातून कधी पत्रिका आली नव्हती. झुंबरबाईचा फोन यायचा, "वैनी, गणपाच्या घरची मारुतीला ठिवली बरं का." तेवढं पुरे असायचं.

आता क्लबचं. शहराबाहेर, कारखान्यांच्या पुढे, काही वर्षांपूर्वी एक क्लब झाला. मोठ्या व्यापाऱ्यांनी, कारखानदारांनी मिळून काढलेला. हिरवळ, पोहण्याचा तलाव, पत्त्यांच्या खोल्या. पैसे असले तरी सभासद होता येतंच असं नाही, कमिटीने घ्यावं लागतं. कल्याणने दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा 'पुढच्या बैठकीत बघू' असं गोड उत्तर आलं. तो बोलून दाखवत नसे, पण त्या इमारतीवरून गाडी जाताना तो तिकडे बघायचं टाळतो हे आईच्या लक्षात आलं होतं.

क्लबचे सेक्रेटरी राधेश्यामजी एकदा कामानिमित्त कल्याणच्या ऑफिसात आले. भिंतीवर अप्पारावांचा मोटारीला टेकून काढलेला फोटो होता. ही गाडी अजून आहे का, असं त्यांनी विचारलं. आहे म्हटल्यावर ते बराच वेळ फोटोसमोर उभे राहिले. क्लबच्या दर्शनी दालनात काहीतरी जुनं, भारदस्त हवं असं त्यांच्या मनात होतं. गोष्ट पुढे कशी गेली ते सांगायला नको. मोटार क्लबला, आणि कल्याणचा अर्ज या वेळच्या बैठकीत सगळ्यात वर.

कल्याणने आईला विचारलं. तो काही आईला डावलणारा मुलगा नव्हता. खोलीत गंजण्यापेक्षा चार लोक बघतील, अप्पांचं नाव राहील, असं तो म्हणाला. सत्यशीलाबाईंना ते पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलंही. जालन्यात त्यांना कोण ओळखत होतं? कल्याणची आई, एवढंच. तिकडे त्यांच्या सासऱ्यांची मोटार दिव्यांच्या झोतात उभी राहील आणि लोक विचारतील, ही कुणाची, या विचाराने त्यांना बरं वाटलं होतं.

ट्रेलर मोटार न्यायला आला त्या दिवशी पिंपळगावात कामाला कुणी गेलं नाही. झुंबरबाईने मोटारीची ओटी भरली. खण, नारळ, ओंजळभर गहू, सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशी पुढच्या सीटवर ठेवली. मोटारीला डोळे नसतात म्हणून, न्हाई तं रडली असती, असं म्हणून ती स्वतःच डोळे पुसत हसली. माघारी कधी येणार, असं कुणीतरी कल्याणला विचारलं. तो घाईत होता. म्हणाला, "आता तिथंच. कधीही येऊन बघा की, आपलीच आहे." तो हे मनापासूनच बोलला. बोलायला काही लागत नाही.

पुण्याहून कारागीर आले, दोन महिने काम चाललं. मग मोटार दालनात मांडायच्या समारंभाच्या पत्रिका छापल्या. जाड, मलईच्या रंगाच्या, वर सोनेरी इंग्रजी अक्षरं. कल्याणने त्यातल्या काही घरी आणल्या. त्याच आठवड्यात सत्यशीलाबाई बटईचा कापूस बघायला पिंपळगावला निघाल्या होत्या, आणि निघताना त्यांच्या हाताने एक पत्रिका उचलून पिशवीत टाकली. घरात छापलेला कुठलाही कागद आधी मारुतीला, हे सासूबाईंचं शिकवणं. बारशाची असो, वास्तूची असो, त्यात कधी खंड पडला नव्हता.

माऊली गुरवाने पत्रिका उलटसुलट करून बघितली. "इंग्रजीत हाय काकू. कवाचं हाय?"

त्यांनी सांगितलं, रविवारी, चार वाजता. कुठं, असं त्याने विचारलं, तेही सांगितलं. त्याने पत्रिका कपाळाला लावून मारुतीच्या पायाशी ठेवली. सत्यशीलाबाईंनी हात जोडले आणि गाडीत येऊन बसल्या. माऊली दिवस-वार कशासाठी विचारतो हे त्या गावात राहिलेल्या बाईला ठाऊक नसणं शक्य नव्हतं. पण त्या वेळी त्यांच्या मनात ते आलं नाही. निदान पुढे पुष्कळ दिवस त्या स्वतःला असंच सांगत राहिल्या.

रविवारी त्या नारायणपेठ नेसून क्लबात गेल्या. दालनाला पुढून सगळी काच. मधोमध गोल चौथरा, भोवती लाल मखमली दोर, आणि त्यावर मोटार. सत्यशीलाबाईंनी आधी ओळखलंच नाही. काळा रंग असा की आपलं तोंड दिसावं. निकेलचे दिवे लखलखीत. त्या मागच्या दाराशी गेल्या आणि सवयीने कडेवरून हात फिरवला. हात घसरत गेला, कुठेच अडला नाही. कारागिरांनी सगळं घासून काढलं होतं. चांगलं काम केलं होतं.

शेजारी पितळेची पाटी होती. कल्याणने त्यांना वाचून दाखवली. पाटलांच्या घराण्याची ही गाडी, निजामाच्या काळातले बडे अधिकारी हिच्यातून शिकारीला जात, वगैरे. अप्पारावांनी जन्मात चिमणीला खडा मारला नव्हता. सत्यशीलाबाई मुलाकडे बघत राहिल्या. तो हळूच म्हणाला, "आई, पाटीवर काहीतरी लिहावं लागतं."

त्यांना पुढच्या कोचावर बसवलं. मोठ्या घरच्या बायका येऊन नमस्कार करून गेल्या. एकीने विचारलं, तुम्ही या गाडीत बसला असाल ना, आणि त्या म्हणाल्या, नवरी होऊन आले तेव्हा. बायकांनी कौतुकाने ओठांवर हात ठेवले. फोटो निघाले. कमिटीची माणसं कल्याणच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होती. मुलाचा चेहरा लहानपणी बक्षीस मिळाल्यावर व्हायचा तसा झाला होता. हे खोटं कशाला सांगायचं, सत्यशीलाबाईंना तिथे बसून फार छान वाटत होतं.

तेवढ्यात काचेपलीकडे, हिरवळीच्या टोकाला, फाटकाशी दोन टेम्पो येऊन थांबलेले त्यांना दिसले.

आधी त्यांना वाटलं, खुर्च्या-मंडपवाले असतील. मग मागचं फळकूट पडलं आणि माणसं उतरू लागली. पांढरे पटके, टोप्या. बायांची ठेवणीतली लुगडी. कुणाच्या हातात झेंडूच्या माळांची पाटी. लाल लुगड्यातली, गुडघ्यावर हात ठेवून उतरणारी बाई कोण हे कळायला त्यांना चेहरा दिसायची गरज नव्हती. मागोमाग बेबीनंदा उतरली. ती घनसावंगीहून मुद्दाम आली होती हे नंतर कळलं. आपण जन्मलो ती जागा तिला नातवाला दाखवायची होती.

मारुती, माऊली, रविवार, चार वाजता, सगळं एकदम सत्यशीलाबाईंसमोर उभं राहिलं.

फाटकावरचा वॉचमन हात पसरून उभा राहिला. मग त्याने फोन लावला. दालनात राधेश्यामजींचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन तसाच हातात धरून ते कोचाजवळ आले, वाकले. शांत, अदबीचा माणूस. पुढचं सगळं त्यांच्यावर ढकलता आलं असतं तर किती बरं झालं असतं, पण तसं नाही.

"माताजी," ते म्हणाले, "गावाकडून काही मंडळी आली आहेत. आपलं निमंत्रण आहे म्हणतात. आपण बोलावलं असेल तर सांगा, काही अडचण नाही. हिरवळीवर बसवू, चहापाणी करू."

कल्याण मागेच उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. नेमके तेव्हाच कमिटीतले दोघे वळून काचेबाहेर बघत होते, आणि त्यातला एक दुसऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलून हसला. कल्याणने नुसतं आईकडे बघितलं.

एक हो म्हणायचं होतं. नुसतं हो. समोरचा माणूस तर चहाही द्यायला तयार होता.

"नाही," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मी कुणाला बोलावलं नाही."

राधेश्यामजींनी मान हलवली, फोनमध्ये दोन शब्द बोलले आणि तो खिशात टाकला. सत्यशीलाबाई काचेकडे बघत राहिल्या. बाहेरून त्या काचेत फक्त आभाळ दिसतं, हे त्यांनी येताना बघितलं होतं, आणि त्या वेळी त्यांना त्याचाच आधार वाटला.

फाटकाशी काही आरडाओरडा झाला नाही. माणसं थोडा वेळ उभी राहिली. कुणीतरी इमारतीकडे बोट दाखवून काही बोललं. मग झुंबरबाईने हातातलं ताट वॉचमनला दिलं, पदर सारखा केला आणि ती टेम्पोकडे वळली. चढताना तिला दोघींनी हात दिला. फळकूट लागलं. टेम्पो गेले.

ताट आत आलं. खण, नारळ, गहू, हळदीकुंकवाचा करंडा आणि झेंडूची एक माळ. राधेश्यामजींना ते फार आवडलं. परंपरा आहे, असं म्हणून त्यांनी ते मोटारीच्या पुढ्यात चौथऱ्यावर ठेवायला सांगितलं आणि सत्यशीलाबाईंना शेजारी उभं करून फोटो काढला. तो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. त्यात झुंबरबाईच्या ओटीवर हात ठेवून सत्यशीलाबाई उभ्या आहेत. खाली छापलं होतं, पाटील घराण्याच्या ज्येष्ठ सून पारंपरिक पूजन करताना.

त्याच संध्याकाळी कमिटीने कल्याणला सभासद करून घेतलं.

आठ दिवसांनी सत्यशीलाबाई पिंपळगावला गेल्या. वाटेत सगळं मनाशी जुळवलं होतं, काय बोलायचं, कसं बोलायचं. झुंबरबाईच्या अंगणात पोचल्या तर तिच्या मुलाने आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणली, पुसून ठेवली. पाण्याची बंद बाटली दुकानातून मागवली. चहा कपबशीत आला. एरवी त्या सरळ चुलीपुढे जाऊन पाट ओढून बसायच्या आणि झुंबरबाई पितळीत चहा ओतून निम्मा त्यांच्याकडे सरकवायची. झुंबरबाई समोर उभी राहिली, तीही पदर डोक्यावर घेऊन. प्रवास बराबर झाला का बाई, असं तिने विचारलं. कापसाचं विचारलं, कल्याणच्या पोरांचं विचारलं. रागाचा एक शब्द नाही. राग असता तर त्याला धरून काही बोलता तरी आलं असतं. या आदराला कुठून हात घालावा तेच कळेना. आणलेलं बोलणं सत्यशीलाबाई तसंच परत घेऊन निघाल्या.

पारावरून गाडी जाताना पोरांचं बोलणं कानावर आलं. कुणीतरी म्हणत होतं, "पत्रिका मारुतीच्या नावची व्हती लेको, आपन काहून गेलो? त्यालाच धाडायचं व्हतं." दुसरा म्हणाला, "त्याला तरी कुठं सोडलं असतं. त्याच्या पायात बूट न्हाईत." पार हसला. गाडीच्या काचा वर करा, असं सत्यशीलाबाई ड्रायव्हरला म्हणाल्या. मग आपण काचा वर करायला सांगितल्या, हे त्यांच्या लक्षात आलं.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस पोस्टमन आला. लग्नाची पत्रिका होती. वर स्वच्छ अक्षरात पत्ता, श्रीमती सत्यशीलाबाई बद्रीनाथ पाटील, जालना. आत झुंबरबाईची नात शालू हिचं लग्न, कुंभार पिंपळगाव, सहकुटुंब सहपरिवार यावं ही विनंती.

कल्याणची बायको म्हणाली, बघा, किती आठवणीने पाठवली. सत्यशीलाबाई पत्रिका हातात धरून बसून राहिल्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदा पिंपळगावातून त्यांच्या नावाची पत्रिका आली होती. गावाला मारुतीची पोचली असणार. ही पाहुण्यांची होती.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी कल्याणला सांगितलं, शालूला शिवेपर्यंत न्यायला मोटार पाहिजे. एका दिवसापुरती. तू राधेश्यामजींना विचार, नाही तर मी जाऊन विचारते. मुलगा ओशाळून उभा राहिला. मग त्याने सांगितलं की मोटारीला इंजिनच नाही. दालनाच्या फरशीवर तेल गळायला लागलं म्हणून काढून टाकलं, चौथऱ्यावरचं वजनही कमी झालं. आता ती नुसती बघायची आहे.

लग्नाला त्या गेल्या. एकट्या गेल्या. मांडवाच्या तोंडाशी त्यांच्यावर अत्तर शिंपडलं, गुलाब दिला, पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर बसवलं. अक्षता पडल्या. मानाची साडी त्यांच्या हातावर ठेवली तेव्हा त्या उठल्या आणि गर्दीतून वाट काढत मागच्या अंगाला, आचाऱ्याच्या कढयांपाशी गेल्या. झुंबरबाई तिथे बुंदीचं भांडं झाकत होती.

"झुंबर," त्या म्हणाल्या, "मला त्यांनी विचारलं होतं. बोलावलं का म्हणून. मी नाही म्हणाले."

झुंबरबाईने झाकण नीट बसवलं. हात पदराला पुसले. "म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "त्या गेटवाल्याचा फोन मोठा करून ठिवला व्हता. समद्यांनी ऐकलं. पोरं म्हनली, दुसरं कोनी आसंल, काकू आसं म्हनायच्या न्हाईत." तिने भांडं बाजूला सरकवलं. "तुहा आवाज मला वळखू येत न्हाई का, वैनी? ओढ्यावर मोटारीत तोच तं ऐकत व्हते मी."

सत्यशीलाबाई तिचा हात धरायला पुढे झाल्या. झुंबरबाईने हात सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. तेवढ्यात आतून कुणीतरी तिला हाक मारली, आणि तिचा चेहरा पुन्हा लग्नघरच्या बाईचा झाला.

"चला बाई," ती म्हणाली. "पाहुण्यांची पंगत बसून राह्यली. तुमचं पान वाढलंय."

सत्यशीलाबाई पाहुण्यांच्या पंगतीला बसल्या. गावातली माणसं वाढत होती. बेबीनंदा बुंदी घेऊन आली, आग्रह करून दोनदा वाढली. पानावर काही टाकायचं नाही म्हणून त्यांनी ते सगळं संपवलं. पांढऱ्या भाड्याच्या गाडीत बसून शालू निघाली तेव्हा शिवेपर्यंत सगळं गाव चालत गेलं. पाहुणे मांडवातच बसले होते. त्याही बसल्या.

शालू आता पुण्याला असते, नवरा कारखान्यात आहे, मुलगी झाली. बेबीनंदाला पिंपळगावात अजूनही मोटारबाईच म्हणतात, पण क्लबचा विषय तिच्यापुढे कुणी काढत नाही. माऊली गुरवाचे गुडघे गेले, आरती त्याचा पुतण्या करतो. ती मलईच्या रंगाची पत्रिका त्याने बरेच दिवस देवापुढून हलवली नव्हती, पुढे दिवाळीच्या साफसफाईत ती कुठे गेली कुणास ठाऊक. राधेश्यामजींची मुदत संपली, दुसरे सेक्रेटरी आले. कल्याण यंदा कमिटीवर निवडून आला. त्याने पाटीवरचा शिकारीचा मजकूर काढायला लावला, आईला न सांगता. त्या जागी अप्पारावांचं नाव आणि साल एवढंच आहे. मोटार तिथेच आहे, वाढदिवसाला आलेली मुलं तिच्यापुढे फोटो काढतात. दसऱ्याला पिंपळगावच्या बाया रिकामी मोटारखोली उघडून झाडून घेतात आणि दाराच्या कडीला झेंडूची माळ बांधतात. झुंबरबाई आता घराबाहेर फारशी पडत नाही. तिने पाटलांच्या घराची किल्ली मुलाच्या हाती जालन्याला पाठवून दिली. सोबत निरोप होता, आता डोळ्यांनी कुलूप दिसत नाही.

सत्यशीलाबाई जालन्यातच आहेत. क्लबात पुन्हा गेल्या नाहीत. पिंपळगावात कुणाच्याही घरी लग्न निघालं की पोस्टमन त्यांच्या दाराशी येतो. पत्रिकेवर त्यांचं पूर्ण नाव असतं, पत्ता बरोबर असतो, आणि आजवर एकही चुकलेली नाही.